रायफलीच्या तोंडाला कुंकू

अप्पा, तुमच्या रायफलीची बॅरल मी बदलली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. एरवी घरात तुमचा आवाज कधी चढला नाही, पण त्या कॅनव्हासच्या पिशवीला कुणी हात लावला की अर्ध्या केशवापूरला ऐकू जायचा. तुम्ही गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. एवढी वर्षं मी रायफल सांभाळली म्हणजे काय, तर कपाटात ठेवली, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा केली आणि निवडणूक सरली की परत आणली. आणली की आई दारातच विचारायची, "आणलीस काय ग? नीट ठेवलंतं की न्हाई तिला?" जणू घरातलंच कुणी दवाखान्यातून परत येत होतं. मी हसायचे. आई मात्र तिचं पिशवीसकट तोंड चाचपून मगच आत जाऊ द्यायची.

नोकरी संपल्यावर मला हुक्की आली. म्हटलं, तुमच्याकडून लहानपणी शिकलेलं विसरलेय का बघू. धारवाडच्या रेंजवर जायला लागले. पहिले काही महिने माझ्या गोळ्या कागदावर कुठेही जात होत्या, एक वर तर दुसरी पार कोपऱ्यात. तिथली मंडळी सभ्य आहेत, कुणी हसलं नाही. "मॅडम, डोळे तपासून घ्या," एवढंच म्हणाले. मी चष्मा बदलला. मग श्वासाचे व्यायाम केले, चहा सोडला, चार दिवसांत परत धरला. शेवटी हुबळीतल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्यांना रेंजवरच बोलावलं. त्यांनी रायफल एका शिकंज्यात आवळली, कुणाचा हातच लागणार नाही अशी, आणि नुसता घोडा दाबत गेले. कागद जवळ आणला तर भोकं तशीच विखुरलेली. मग त्यांनी बारीक कॅमेरा लावलेली तार बॅरलमध्ये घातली आणि मोबाईलवर मला दाखवलं. आत गोळीला पीळ देणाऱ्या रेषा असतात ना, त्या तोंडापाशी पार खाऊन गेल्या होत्या. "अक्का, हा आजचा गंज न्हवं. लई जुना हाय. तोंडाला पाणी लागत होतं काय हो?"

मी मोबाईल त्यांना परत दिला. म्हणाले, "तोंड कापून भागणार न्हाई, गंज लई आत गेलाय. बॅरल बदलायची तर परवानगी काढा, मागवा, वाट बघा. त्यापेक्षा होसदु तगोरी, नवीच घ्या. नवीन रायफल हलकी, तुमच्या खांद्याला बसेल अशी. आणि बॅरल बदलल्यावर मग अप्पांचं राहिलं तरी काय हो, नुसतं लाकूड." त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. परत येताना बसमध्ये मात्र डोक्यात रायफल नव्हतीच. डोक्यात आईचं बोट होतं.

माझ्या लहानपणची खंडेनवमीची सकाळ आहे. तुम्ही रायफल आदल्या दिवशीच पुसून, तेल देऊन पाटावर ठेवली आहे. शेजारी आईची विळी, तुमच्या खडूंची पेटी, माझा कंपास. आई वाटीत कुंकू कालवते, चांगलं ओलं, म्हणजे ओघळ दिसला पाहिजे. विळीला एक बोट, पेटीला एक बोट. रायफलीपाशी आली की ती थांबते, आणि एरवी कुणाला हात लावू न देणारे तुम्ही स्वतः ती उचलता, तोंड तिच्यासमोर धरता. "हं, लाव." ती तोंडाला बोट टेकवते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं देऊन-घेऊन झाली की सगळ्या वस्तू कामाला लागतात. विळीवरचं कुंकू भाजीत जातं, पेटीवरचं तुमच्या सदऱ्याला लागतं. रायफलीच्या तोंडावरचं तेवढं तसंच राहतं, कारण पूजेचं कुंकू हातानं पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. रायफल तशीच कॅनव्हासच्या पिशवीत, आणि आत ओल.

एका वर्षी तुम्ही पुसायला घेतलं होतं. टायफॉइडातून नुकते उठला होतात, गळ्याची हाडं दिसत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून तेलाचं फडकं हातात घेतलंत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कुंकू पुसालात काय हो?" एवढंच म्हणाली. चिडून नाही. तिचा चेहरा बघून मीच घाबरले होते. आजारपणात ती देवापाशी काय काय बोलली होती ते आपल्याला ठाऊक नव्हतं, पण त्या चेहऱ्यावर ते सगळं होतं. तुम्ही फडकं घडी करून ठेवलंत. म्हणालात, "नाही ग. बघत होतो नुसतं." त्यानंतर दसऱ्यापासून ते कुंकू झडेपर्यंत तुम्ही तोंडाला कधी हात लावला नाही.

तुम्हाला कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? घामेजल्या हातानं लोखंडाला शिवलं तर गंज धरतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. गंज धरणार हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण तोच तुमचा नेम खाईल हे ठाऊक होतं का, तिथे माझं गाडं अडतं. कारण धारवाडची ती शेवटची स्पर्धा मला लख्ख आठवते. तुमचा कागद आला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. भोकं अशी पडली होती जशी जुन्या बॅरलनं माझी पडत होती. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "मास्तर, वय कुणाला चुकलंय?" तुम्ही हसलात. वाटेत टेम्पोत मला म्हणालात, "हात गेला माझा." हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत फळ्यावर एका दमात गोल काढणारा चित्रकलेचा मास्तर, ज्याच्या गोलावर मुलं मागून परकार ठेवून बघायची, तो म्हणाला हात गेला, आणि आम्ही कुणीच ते खोडून काढलं नाही.

आईसाठी तुम्ही तसं म्हणाला असाल, अशी माझी मी समजूत घालून बघितली. म्हणजे दोष हातावर घ्यायचा, कुंकवावर येऊ द्यायचा नाही. तुमच्या स्वभावाला शोभलं असतं. पण मग खडू का सोडलात? त्याच दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही खडू माझ्यापुढे धरलात. "तू काढ. आता माझा हात धड रेघ मारणार नाही." मी काढली, वाकडीतिकडी. तुम्ही छान म्हणालात. त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही एक रेघ काढली नाहीत. खडूला काही बॅरल नसते अप्पा. खडूला गंज लागत नाही. एकदा, फक्त एकदा फळ्यापाशी उभे राहिला असतात तरी कळलं असतं. हे आठवलं की मला रडू येतं आणि तुमचा रागही येतो, दोन्ही एकदम.

नवीन रायफल मी बघून आले. खरंच सुरेख होती, खांद्याला मऊ रबर, वजन म्हणाल तर निम्मं. पण गाल टेकवला तर गार आणि परकी. तुमच्या रायफलीच्या लाकडाला तुमच्या गालानं घासून घासून खळगा पडलाय, माझा गाल त्यात थेट बसतो. आपलं हाड एक. म्हटलं, जाऊ दे, लाकूड तर लाकूड. परवानगी काढली, वाट बघितली, आणि नवी बॅरल बसवून घेतली. पहिल्याच दिवशी गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाजूला नळावर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाही.

आईला बॅरलचं काही सांगितलं नाही. तिला आता अंधुक दिसतं, सांगून करायचं काय? यंदा खंडेनवमीला पाट मांडला. तुम्ही गेल्यावर तिचं स्वतःच्या कपाळाचं कुंकू गेलं, पण रायफलीचं तिनं एकाही वर्षी चुकवलं नाही. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "ते यांचं हाय, माझं न्हवं." मी रायफल उचलून तोंड तिच्यापुढे धरलं. तिनं कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं, तोंडाला टेकवलं, आणि थांबली. परत बोट फिरवलं, गोल, सावकाश.

"ही यांची न्हवं."

"तीच ग आई. लाकूड बघ की."

"लाकूड ऱ्हाऊ दे. यांच्या बंदुकीच्या तोंडाला खरखर होती. माझ्या बोटाला ठावी हाय ती." मग माझ्याकडे नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी बघत म्हणाली, "खरखर कुठं गेली ग?"

एवढी वर्षं तिचं बोट तो गंज ओळखीचा म्हणून कुरवाळत होतं, अप्पा. मी म्हटलं, "साफ करून घेतली." तिनं मान हलवली, पटलं नव्हतं, तरी ओघळ येईल एवढं कुंकू लावलं आणि विचारलं, "पुसणार न्हाईस न्हवं?"

तुमचा हात गेला नव्हता. एवढं एकच तुम्हाला सांगायचं होतं. पण ते सांगायला घेतलं की आईचं बोट मध्ये येतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचावं असं मला वाटत नाही, म्हणून हा लिहिलेला कागद माझ्यापाशीच राहील.

दसरा होऊन गेला. नव्या बॅरलला ओल सोसणार नाही हे मला कळतं, म्हणून रोज दुपारी आई आडवी झाली की पिशवी उघडते आणि तेलाचं फडकं हातात घेते. कुंकू अजून पुसलेलं नाही.