पाणी मारू नये

अमरावती, ९ एप्रिल २००६

ती. बाबा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

जीपवाल्या किशोरदादासोबत पोती आणि दोन कॅन पाठवले आहेत. पोत्यांत गिट्टी खदानीतल्या काळ्या दगडाची दळलेली भुकटी आहे, थोडी राख मिसळलेली. कॅनमधलं कॉस्टिक सोड्याचं पाणी तिच्यात कालवलं की चिमूटभरही सिमेंट न घालता दगड तयार होतो. सोडा हात भाजतो, मोजे घाला. गवंड्याची पोरगी गवंड्याले शिकवून राहिली, असं म्हणून हसू नका.

सर म्हणतात, भट्टीतले ठोकळे पुरे झाले, आता उघड्यावर काहीतरी बांधून दाखव. त्यावरच माझा प्रबंध उभा राहणार. म्हणून अंगणात आईला बसायला ओटा करा. तिला खाली बसवत नाही आणि गवंड्याच्या घरी ओटा नाही, ही लाज कधीतरी जायला हवी.

एकच लक्षात ठेवा. आठ दिवस पाणी मारायचं नाही. सोडा धुऊन निघतो आणि सगळं भुसभुशीत होतं. काळं प्लास्टिक झाका, बाकी आपलं ऊन पाहून घेईल.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची प्रणाली

दर्यापूर, २० एप्रिल २००६

चि. प्रणालीस, अनेक आशीर्वाद.

ओटा केला, पण कळवायला हात धजत नाही. यंदा कपाशी गेली, इकडे कोणी घर बांधायला काढत नाही, म्हणून काम पाहायला अंजनगावला गेलो होतो. माझ्यामागे तुझ्या आईने प्लास्टिक काढलं, अकरा बादल्या पाणी मारलं आणि वर ओलं गोणपाट पांघरलं. ओट्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं आहे. बोटाने उकरलं की माती निघते.

मी तिला बजावलं होतं. तिला वाटलं, पाणी भरायचा आळस म्हणून मी सांगतो. पोरीचं पयलं काम हाये, उनानं तडकून जाईन, मी कशी पाहत राहू, असं म्हणाली. तीस वर्षं मी बांधलं आणि तिने पाणी मारलं, त्याला ती तरी काय करणार? रागावू नकोस.

तुझे बाबा, खुशालराव

अमरावती, २६ एप्रिल २००६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे आईला वाचून दाखवा. माझं दोन वर्षांचं काम तिने एका दुपारी पाण्यात घातलं. एवढं साधं ऐकता येत नाही का? मी इथे एक वेळ जेवून भुकटी दळते. पुन्हा माझ्या कामाला तिने हात लावू नये.

शेवटची पोती पाठवते आहे. यानंतर वेळही नाही आणि भुकटीही नाही.

प्रणाली

दर्यापूर, ४ मे २००६

चि. प्रणालीस, अनेक आशीर्वाद.

जुना ओटा फोडून काल नवा घातला. तुझं पत्र वाचताना चार ओळी गाळल्या आणि तू आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस असं ठोकून दिलं. म्हातारी खूश झाली. तुझं पत्र दोनदा ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नाही, हे तुला माहीत आहेच. आत्ताच पदराला बांधून शेजारच्या बेबीताईकडे वाचून घ्यायला गेली आहे.

तुझे बाबा

ता. क. परत आली. जेवली नाही.

दर्यापूर, २ जून २००६

चि. प्रणालीस, आशीर्वाद.

आईच्या तेरवीला तू चार दिवस घरी होतीस, पण मला तोंडाने बोलता आलं नाही. एकदा मी चार ओळी गाळल्या, त्याचं काय झालं ते पाहिलं. म्हणून आज काही गाळत नाही.

बेबीताईकडून तुझं पत्र ऐकून आली, त्या दिवसापासून ती ओट्याला राखण बसली. बाजेची सावली करून दुपारभर अंगणात. पोरं खेळताना पाणी सांडतील, कोणाची शेळी येईल, म्हणून उठायची नाही. मी ओरडलो, हात धरून आत आणलं, पाठ फिरली की पुन्हा बाहेर. आठ दिवस पुरे होऊ दे, एवढंच म्हणायची. सातव्या दिवशी ऊन लागलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण ताप डोक्यात गेला होता.

पहाटे मी तिच्या तोंडात पाणी घालायला गेलो. तिने ओठ घट्ट मिटले, माझा हात सारला. पानी नोको मारू, पोरीनं नाई म्हनलं हाये, असं म्हणाली. दुसऱ्यांदा घालायला गेलो तर मान फिरवली. कोरड्या तोंडानेच गेली गं.

ओटा दगड झाला आहे. काल छिन्नी लावून पाहिली, छिन्नीची धार गेली. तुझ्या सरांना घेऊन ये, दाखव. मी त्यावर बसत नाही.

माझ्यावर लोभ ठेव. माझा तुझ्यावर आहे, राग नाही.

तुझे बाबा