हातातला भुंगा

आई, मेलेल्यांना काही पोचत नाही हे मी गावोगाव ठासून सांगत आले, आणि आजही तेच मानते. तरी लिहिते आहे. परवा सकाळी माझ्या हातातला भुंगा मंदावला.

भुंगा हा शब्द तुझा. डायलिसिससाठी तुझ्या डाव्या मनगटापाशी धमनी आणि शीर जोडली, आणि फुगलेल्या शिरेतून रक्ताची गुणगुण सुरू झाली. नालवाडीच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवण्याआधी तू हात कानाशी धरायचीस, मग माझ्या कानाशी. "ऐक वं, बोलून राह्यला." मी तेव्हा बांगड्यांविरुद्ध भाषणं करत फिरत होते आणि तू एकही उतरवत नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, या हातात काही नको. तू तिथंच काढल्यास. माझा चेहरा पाहून म्हणालीस, "पोट्टे, तुह्याहून हा भुंगा कमी बोलते."

तुझा आजार माझ्याकडे आला, तशी हातातली जोडणीही. परवा संध्याकाळी पुलगावला माझी सभा होती, आणि सकाळी गुणगुणीच्या जागी बारीक शिटी. सर्जन म्हणाले, "ताई, जोडाजवळ शीर आकसली आहे. आज दुरुस्त केली तर वाचेल. आत रक्त गोठलं तर डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागेल." सभा आटोपून येते, हे माझ्या ओठांवर होतं. पण मला भाच्याच्या लग्नाचा दिवस आठवला. तुझा भुंगा मंदावला होता आणि तू नेसलेला शालू सोडून दवाखान्यात निघाली होतीस. "लग्न माह्यावाचून लागते. ह्याले माह्यावाचून कोन हाय?" मी पुलगावला सभा भरवणाऱ्या पोराला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. "ताई, मंडप टाकून झाला, आता काऊन नाई म्हणता?" 

हात बधिर केला, मी जागी होते. आकसलेला भाग सोडून सर्जननी थोडं वर नवा जोड घेतला. मी त्यांना काहीबाही विचारत होते, तर म्हणाले, "ताई, बोलू नका. बोललात की तुमचा खांदा हलतो." मग मी गप्प राहिले. इतका वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. शेवटी त्यांनी शिरेवर बोट ठेवलं आणि हसले.

आज सकाळी घरी, गॅस पेटवण्याआधी, मी हात कानाशी धरला. भुंगा बोलत होता. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मग मी तोच हात तुझ्या फोटोशी नेला आणि तुझं ऐकून होईपर्यंत तसाच धरून ठेवला. हे मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगणार नाही.