आईचा घास

नारायणगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. आरतीस, भरतदादाचे अनेक आशीर्वाद.

तू माहेरी येऊन घर सांभाळतेस म्हणून मला दवाखान्यात श्रेयाजवळ राहता येतं. फोनवर बोललो की ती कान देते, म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या डब्यातून पाठवतो.

आतड्याच्या टीबीची औषधं लागू पडली, ताप गेला. तरी पोरीचं वजन उतरतंच आहे. डॉक्टर म्हणतात, आतड्यात अडथळा असेल, शुक्रवारी पोट उघडून बघू. भूल सोसेल एवढी ताकद तिच्यात दिसत नाही. तिची आई जाऊन अजून वर्षही झालं नाही. माझ्याच्याने सही होत नाही. काय करू ते कळव.

तुझा,
दादा


बोरी बुद्रुक,
१३ नोव्हेंबर

ती. दादास, आरतीचा सा. न. वि. वि.

सही करू नकोस. रविवारी मी दवाखान्यात आले आणि डबा उघडला तेव्हा मेथीच्या वासाने पोरीने आवंढा गिळला. ज्याची भूक मेली तो असं करत नाही.

वहिनी गेल्यापासून ती जेवणाआधी आईचा घास काढून गायीला देते. आपण सगळ्यांनी कौतुकच केलं. रविवारी तू चहाला गेलास आणि तिने घास म्हणून अख्खी भाकरी काढली. व्हरांड्यातून कुत्र्याला घातली. तुला ताट रिकामं दिसलं, तू खूश. आपली गाय उगाच नाही एवढी अंगाने सुटली.

तू डॉक्टरांपुढे नुसती मान हलवतोस. या खेपेला तोंड उघड. पोरीला मात्र रागावू नकोस.

पोरीवर आणि माझ्यावर माया असू दे.
आरती


नारायणगाव,
२१ नोव्हेंबर

चि. आरतीस, आशीर्वाद.

बोललो. ऑपरेशन थांबलं. टीबीने भूक जाते, म्हणून डॉक्टरांनी दुसरा विचारच केला नव्हता. मग मानसोपचाराच्या बाई आल्या. त्यांनी श्रेयाला विचारलं, भूक लागत नाही, की लागूनही खायचं नाही. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

श्रेया म्हणाली, भूक लई लागते. पण आजारात बारीक झाले तेव्हा सगळे म्हणाले, हुबेहूब आईसारखी दिसतेस. आता अंग भरलं तर आई परत जाईल.

बाई म्हणाल्या, हाही आजारच, टीबीच्या आड लपलेला. एकदम पोटभर दिलं तर हृदयाला धोका. म्हणून रक्त तपासत थोडं थोडं देतात.

काल तिने आईचा घास काढला. मी तो उचलून तिच्याच तोंडापुढे धरला. तिने बराच वेळ ओठ मिटून ठेवले. मग खाल्ला, आणि रडली. तिची आई गेल्यापासून मी रडलो नव्हतो, तोही रडलो.

डबा लहानच भर, पण रोज पाठव. मेथी चालते.

तुझा,
दादा