निळ्या दोऱ्याचं बटन

आवो,

ऐकता काय? नाव घेऊन हाक मारायची सवय नाई, म्हणून कागदावरही 'आवो'च. तुमच्या वर्षश्राद्धाले आठ दिवस झाले. आज मी बुलढाण्यात बसून लिहून राह्यली, राजूर घाटाच्या कडेवरच्या त्या घरात, तुम्ही बसत होते त्याच लाकडी खुर्चीवर. दचकले ना? दचकाच!

तुम्हाले वाटे, हिले काही कळत नाई. दर साली तूर घरात आली की तुम्ही मलकापूरले लेकीकडं निघत. जानेफळहून सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचायले पायजे. आन् लेक तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणे, "आई, बाबा आत्ताच आले." मंग मधले दोन दिवस कुठं मुरले? विचारलं तं म्हणे, "बुलढाण्याले उतरलो होतो. थंड हवा आहे, आराम केला." आराम! घरी खाट नव्हती काय?

तरी मी गप बसली असती. पण त्या बटनानं घात केला. तुमच्या पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटन तुटलेलं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं होतं, लावायचं राहून गेलं. तुम्ही परत आले तं बटन जाग्यावर, तेही निळ्या दोऱ्यानं! लेकीले विचारलं तं तिनं लावलं नव्हतं. मंग मुक्कामाच्या ठिकाणी कोणी बटनं लावून देते काय? बारा वर्षं तो निळा दोरा माझ्या डोळ्यात खुपला. तुमच्या अंगाले पावडरचा वास येते काय, तेबी हुंगून पाह्यलं मी. बिडीचाच येत होता.

मंग भांडली काऊन नाई, असं म्हणसान. भीती वाटे. तुम्ही 'हाव, आहे कोणी' म्हणले असते तं? मी कुठं गेली असती?

आता 'हाव' म्हणायले तुम्हीच नाई. पत्ता तुमच्या जुन्या पाकिटात होता. म्हणून परवा लेकीकडं जाता जाता उतरली. रस्ताभर मनात घोकत होती, त्या भवानीले असं विचारीन, तसं विचारीन.

दार उघडलं तं सत्तरी उलटलेली म्हातारी! भिंगाचा चष्मा. मले पाह्यताच म्हणे, "बरी आली बाई, एवढा सुईत दोरा ओवून दे." हातात निळं रीळ, आन् शिवून काय राह्यली होती? उशीची पांढरी खोळ. तिले पांढरं-निळं काही दिसतच नव्हतं.

पण मी कुठं ऐकते! लेक-सून असन म्हणून सगळं घर पाहून घेतलं. कोणी नाई. एकटी राहते, दोन खोल्या मुक्कामाले देते. तिनं विचारलं तवा तुमचं गाव सांगतलं, आन् म्हटलं, "दर साली तूर निघाली की इथं येत होते ना, मी त्याहिची बहीण." खरं काढायले आली होती ना!

तुम्ही गेल्याचं ऐकून तिनं डोळ्याले पदर लावला. म्हणे, "चला, बायकोपाशी गेले बिचारे."

"कोणाच्या बायकोपाशी?"

"असं काय करते बाई? तुझ्या भावजयीपाशी! जवानीतच गेली ना ती?"

आवो! तुम्ही मले मारून टाकलं? मी घरी म्हशीचं शेण काढून राह्यली होती, आन् तुम्ही इथं विधुर होऊन चहा पित होते?

म्हातारी सांगतच राह्यली. तुम्ही इथं बसून खालचा घाट पाहत, आन् माझंच बोलत. "तिच्या हातची भाकर अशी पातळ. मले टायफॉईड झाला तं महिनाभर तिनं चमच्यानं पेज भरवली. तोंडाची फटकळ होती, पण ती नाई तं घरात मन लागत नाई." बोलता बोलता तुम्ही डोळे पुसत, म्हणे.

चाळीस वर्षांत एकदा तरी "भाकर चांगली झाली" म्हणले काय? चारचौघात बायकोचं कौतुक केलं तं लोक बाईलवेडा म्हणतात, माहीत आहे मले. मेलेल्या बायकोचं केलं तं कोणी हसत नाई, हे तुम्ही बरोबर हेरलं. पण ऐकणारी घरात जिती होती ना! आन् एक संशय अजून आहेच. पातळ भाकर तुमच्या आईची. माझी जाडच होते.

दोन दिवसांपासून इथंच आहे. कोणी चहा मागत नाई. खालून गार वारा येते, मोताळ्याकडची शेतं दिसतात, घाटातून एसटी हळूहळू चढते. काल दुपारी चार तास झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा. तुमचा आराम आता समजला. मलेबी एकदा आणलं असतं तं काय बिघडलं असतं?

आज सकाळी म्हातारीनं विचारलं, "तुझे मालक काय करतात?"

म्हटलं, "गेले. साल झालं."

"कसे होते?"

मी तोंड उघडलं, आन् एक शब्द निघाला नाई. तुमच्याबद्दल चांगलं बोलायची सवयच नाई ना मले! मीबी कुठं कधी बोलली?

म्हणून आता ठरवलं. पुढच्या साली तूर घरात आली की पुन्हा येईन. म्हातारीपाशी तुमची बहीणच राहीन, तुमचं खोटं उघडं पडू देणार नाई. पण याच खुर्चीवर बसून माझ्या मालकाबद्दल तिले सगळं सांगीन. ते कसे होते, ते.

सदरा संग आणला आहे. बटन तसंच ठेवलं आहे.

तुमची,
अजून जिती असलेली,
शांता