फ्रीजमधले आंबे

बाबा, तुम्ही गेल्यावर यंदा आढी मी घातली. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, आईच्या पलंगाखाली. गावचे आंबे आता पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, त्यात गवत नसतंच. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे मागितलं तर म्हणतो, "ताई, गाय पाळली काय?" पण दिलं. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं. खाली गवत, त्यावर कच्च्या आंब्यांचा एकच थर, एकाला दुसरा टेकू द्यायचा नाही, वर पुन्हा गवत आणि गोणपाट. रोज सकाळी आत हात घालून चाचपते, मऊ लागला तो बाहेर, डागाळला तो आधी बाहेर. आई वरून नुसत्या वासावर सांगते, "उजवीकडचो झालो बघ." आणि झालेला असतो हो!

भांडुपच्या खोलीत पहिला फ्रीज आला ते वर्ष आठवतं? मी अकरावीत होते. दादा पंधरा दिवसांनी ट्रेनिंगवरून येणार, त्याला मिळावेत म्हणून दोन डझन कच्चे आंबे फ्रीजमध्ये गेले. तो आला तेव्हा साली काळवंडलेल्या, आत दगड, ना चव ना वास. तुम्ही कंपनीतून येताय, फ्रीज उघडताय आणि आवाज चाळभर जातोय, "आंबो म्हणजे काय दूध? फ्रीजात कोणी घातल्यान?" मी भिंतीला चिकटून उभी. आई लाटणं न थांबवता म्हणाली, "माजा चुकला." मग चार घरं ऐकतील असं तिला बोललात, आणि दोन दिवस अबोला. फार वाईट वाटलं होतं मला.

परवा बघते तर आढी निम्मी रिकामी. लेकीने हिरवेगार आंबे फ्रीजमध्ये भरलेले, मैत्रिणी येईपर्यंत टिकावेत म्हणून. "वाट लावलीस ना आंब्यांची!" मी सुरूच झाले, तर पलंगावरून आई, "तिका कित्याक ओरडतस? मीच सांगितलंय." लेक माझ्याकडे बघेना. मला इतकं हसू आलं की मी तिथेच फरशीवर बसले. आंबे एकच रात्र गारठ्यात होते म्हणून वाचले, परत गवतात गेले आणि झकास पिकले. आज रस केला. आईने दोन वाट्या संपवल्या.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून तर लिहितेय. त्या वर्षी फ्रीज मी भरला होता, बाबा. आईला तेव्हाच कळलं होतं, दादालाही. आपल्या घरात ठाऊक नव्हतं ते फक्त तुम्हाला.