मिशीला पीळ

आत्ती, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं, तरी लिहिते आहे. आज नातसून सांगत होती, बोलायच्या आधीच बाळांना हातांच्या खुणा शिकवतात म्हणे, पुण्यात त्याचे वर्ग निघालेत. मूठ उघडमीट करून मोठ्या कौतुकानं म्हणाली, "ही दुधाची." मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की मी उठून आत गेले.

बाची बहीण तू, आमच्याच घरातली; तू शिकवलंस ते गरजेनं. तुला बाळाचं रडू ऐकू यायचं नाही आणि आई दिवसभर मळ्यात. माझा धाकटा भाऊ तुझ्या मांडीवर. दूध पाजायच्या आधी तू धार काढल्यासारखी मूठ दाबायचीस. पोट भरलं की त्याचा तळवा वाटीवर उपडा ठेवायचीस, म्हणजे पुरे. आणि बा दिसला की बाळाची इवलीशी बोटं ओठापाशी नेऊन मिशीला पीळ, म्हणजे बा. वर्षाचाही नव्हता, तोंडात शब्द नाही, पण हातानं दूध मागायचा. शेजारची म्हातारी आईला म्हणायची, "आगं, ही मुकी तुजं पोरगं बी मुकं करंल." तू तिला दात विचकून दाखवायचीस. अंगात मस्ती काही कमी नव्हती तुझ्या.

बेचाळीस सालानंतरचे दिवस. बाळ जन्मलं तेव्हा बा फरार होता, दिसेल तिथं गोळी घालायचा हुकूम होता. अंधारात घरी यायचा आणि दिवसा गोठ्यातल्या पेवात उतरायचा. ज्वारी साठवायचा जमिनीतला तो खड्डा, वर दगड, दगडावर कडबा. त्या दिवशी सकाळीच फौजदार शिपाई घेऊन आला. उतरंडी फोडल्या, आईला केसाला धरून ओसरीवर आपटलं. मग त्यानं बाळाला उचललं आणि लाडात विचारलं, "कुठाय रं तुझा बा?"

बाळ त्याच्या झुपकेदार मिशांकडे बघून हसतं. बोटं ओठापाशी नेतं आणि पीळ देतं. त्याच्या लेखी मिशीवाला तो बा. पण आपल्याकडे मिशीला पीळ देणं म्हणजे ये अंगावर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. फौजदाराचं तोंड लाल झालं. "दूध प्यायचं वय, अन् मला पीळ दाखवतंय? कुणी शिकवलं ह्याला?" आई काय सांगणार? पोराला बा ओळखू येतो म्हटलं, तर बा घरी येतो हेच कबूल केल्यासारखं. मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. आणि तू, एक शब्द ऐकू न येता सगळं समजून, स्वतःच्या छातीवर हात मारलास. मी शिकवलं.

दोन शिपायांनी तुझे हात जात्यावर धरले. फौजदारानं बंदुकीचा दस्ता उचलला. हाडं मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, मेल्याचे हात झडले असतील तर बरं. जातं रक्तानं भरलं. बाळ हसायचं थांबलं, त्यानं फौजदाराकडं बघत तळवा उपडा धरला. पुरे. फौजदाराला वाटलं, कार्टं अजून नाटकं करतंय. त्यानं आणखी हाणलं.

पुढे जखमा चिघळल्या, धनुर्वात झाला, तुझा जबडा मिटला. बाळ उशाशी बसून मूठ दाबत राहिलं, आणि तू त्या चिंध्यांत बांधलेल्या हातांकडं बघतच प्राण सोडलास.

स्वातंत्र्य आलं, बाच्या गळ्यात हार पडले. तो शेवटपर्यंत म्हणायचा, "मला वाटलं, वर भित्ती फोडत्यात. ती वरडली असती तर मी वर आलो असतो गं." गाव म्हणायचं, मुकी ती, काय ओरडणार? पण तू चिडून किंचाळलीस की बैल बुजायचे, ते बाला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी तू कडब्याकडं एकदाच पाहिलंस आणि पदर दातांत धरलास.

बाला तू राखलंस. त्याच्यामुळे आम्ही वाढलो, शिकलो, माझं लग्न त्यानंच लावलं. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. मी त्याची लाडकी होते, तरी आईच्या तळव्याखाली मी एवढंच मागत होते: आत्ती, ओरड. येऊ दे बाला वर. घालू देत गोळी.