विहीर उपसली त्याची हकिगत

१४ मार्च, सकाळ

घरच्या मालकीणबाईंना नमस्कार.

मी ठीक आहे. तू, लेक आणि जावई मजेत असाल. मांजर रोज तुझ्या खुर्चीत झोपतं, मी उठवत नाही.

पाण्याचा वास गेला. कसा गेला ते सांगायला जरा जड जातंय, म्हणून आधी बाकीचं.

तू गेल्यावर मी विहिरीवर चढाई केली. पंप लावून दोन दिवस उपसली. तळाशी एक चप्पल, फुटकी बादली आणि भरपूर गाळ निघाला. सडलेलं काही नाही. मग ब्लीचिंग पावडर टाकली, जरा सढळ हातानं. तू येण्याआधी तुझी निळी साडी धुऊन ठेवावी म्हटलं. ती आता निळी नाही. त्याबद्दल समक्ष बोलू.

तरी आंघोळीला बसलो की तोच सडक्या अंड्यांचा वास. मग माझी खात्रीच पटली, की शेजारच्या मास्तरांचा शोषखड्डा पाझरतोय. कुंपणाशी उभं राहून त्यांना भरपूर सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, आधी प्लंबर बोलवा, मग माझं काय ते बघा.

प्लंबर काल आला. त्यानं विहिरीकडे पाहिलंसुद्धा नाही. गार नळ सोडून हुंगला, मग गरम.

“काका, वास फक्त गरम पाण्याला येतो. घरात कोणाच्याच लक्षात नाही आलं?”

“बायकोच्या आलं होतं. पहिल्याच दिवशी.”

“मग?”

“मी तिला म्हणालो, तुझं नाक म्हातारं झालंय.”

त्यानं गिझर उघडून आतली धातूची कांडी काढली. आपल्या विहिरीच्या पाण्याशी तिचं जमत नव्हतं म्हणे. टाकी धुतली, दुसऱ्या धातूची कांडी बसवली. अर्ध्या तासात काम संपलं.

मास्तरांची माफी मागून आलो. त्यांनी चहा पाजला. ते सोपं गेलं. तुला मात्र हे चौथं पत्र लिहितोय. आधीच्या तिन्हींत नुसती गिझरची माहिती होती, म्हणून फाडली.

नाकाचं निमित्त झालं, हे मला कळतं. तीस वर्षं तू काहीतरी सांगतेस आणि मी विहीर उपसत बसतो. चुकलं माझं.

कधी येतेस ते कळव, स्टँडवर घ्यायला येतो. इतक्यात येत नाही म्हणालीस, तर तेही मुकाट्यानं ऐकेन. पण शक्यतो तसं म्हणू नकोस.

उशिरा का होईना, ऐकू येऊ लागलेला,
तुझाच